पंचनाम्यात न येणारी माणसं : अतिवृष्टी, ऊन आणि कागद

शिवारफेरी

सप्टेंबर २०२५च्या पुरावर इथे आधीच धागे निघालेत, पण चर्चा दर वेळी मदतीच्या रकमेवर येऊन अडकते. म्हणून हा वेगळा काढतोय. मी धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा-भूम भागात पाणलोटाच्या कामात आहे. पंचनामे चालू होते तेव्हा गावागावांत फिरत होतो. तिथे जे दिसलं ते मांडतो, तुमच्याकडचं तुम्ही सांगा.

सीना नदीच्या काठचं सोयाबीन काढणीला आलं होतं. कुठे उभ्या शेंगांना कोंब फुटले, कुठे पीकही गेलं आणि त्याखालची मातीही गेली. खरडलेलं रान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वरचा काळा थर निघून जातो, खाली मुरूम आणि गोटे उघडे पडतात. त्यावर पुढची काही वर्षं धड पीक येत नाही. तलावातला गाळ आणून टाकायचा तर ट्रॅक्टरच्या खेपा मोजत बसावं लागतं.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. दर पुरेसे की अपुरे, हा वाद इथे नको. पैसा कुठल्या वाटेनं जातो ते बघू. सातबाऱ्यावरचं नाव, फार्मर आयडी, ई-केवायसी, बँक खातं. या वाटेवर जो नाही त्याचं नुकसान कागदावर झालेलंच नसतं.

आणि वाटेवर नसलेले किती आहेत! अर्धेलीनं रान करणारा, ज्यानं बियाणं आणि खताचा निम्मा खर्च घातला. सोयाबीन काढणीचं गुत्तं घेणाऱ्या टोळ्या, ज्यांचं दिवाळीचं सगळं गणित त्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीवर असतं. गायरान दोन-दोन पिढ्या कसणारी दलित कुटुंबं. सासऱ्याच्या नावावरचं रान एकटीनं सांभाळणारी विधवा. पाऊस यांच्यावरही तेवढाच पडला.

तात्पुरती मदत बाजूला ठेवली तरी बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठीच्या योजनांचं तेच आहे. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, २०१८पासून जागतिक बँकेच्या कर्जातून १५ जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत राबवला गेला. आमच्याकडे त्यातून चांगली कामं झाली, मी ती जवळून पाहिली. पण ठिबक असो, शेडनेट असो की शेततळं, आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खर्च, मग बिलं, मग खात्यावर अनुदान. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा नाही तो व्याजानं काढतो, नाहीतर अर्जच करत नाही. भूमिहीनाला तर अर्जात लिहायला गट नंबरच नसतो.

पाऊस तर आता असाच पडणार. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापतो, तिथून बाष्पाचा लोंढा येतो आणि दोन-तीन दिवसांत सगळं ओतून जातो. मध्ये खंड. आमच्या शिवारात दोन्ही एकाच हंगामात होतं.

तेव्हा प्रश्न असा: जमीन नसलेल्या माणसासाठी या बदलाशी जुळवून घेणं म्हणजे नेमकं काय? तुमच्या भागात याचं उत्तर कुणी शोधलंय का?

वाचनमात्र

फार गरजेचा धागा. वाचतेय.

काळी_माती

मी लातूर जिल्ह्यातला. जमीन आमची, नोकरीमुळे गावात कायम राहता येत नाही म्हणून अर्धेलीनं देतो. तेव्हा मालकाची बाजू मी सांगतो.

बटईदाराचं, म्हणजे अर्धेलीनं कसणाऱ्याचं, नाव कागदावर का येत नाही, याचं उत्तर कूळ कायद्यात आहे. मराठवाड्याला १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत जमिनी कशा कुळांकडे गेल्या ते घराघरात माहीत आहे. कायदा न्याय्यच होता, कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण त्याची भीती अजून मालकांच्या मनातून गेलेली नाही. त्यामुळे सगळा व्यवहार तोंडी. पीक पाहणीला नाव मालकाचं, विमा मालकाचा, मदत मालकाच्या खात्यात. विमा योजनेत बटईदाराला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करायला मालक धजत नाही आणि बटईदार मागायला धजत नाही, कारण मागितला तर पुढच्या वर्षी रान दुसऱ्याला जाईल.

आमच्याकडे मदत जमा झाली की मी निम्मे पैसे त्याला देतो. गावात बरेच जण देतात, बरेच जण देत नाहीत. पण हे मालकाच्या मनावर का असावं, हा शिवारफेरींचा मुद्दा मला पटतो.

पिकाबद्दल थोडं. आम्ही काही वर्षं सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरतो. खंड पडला तेव्हा सरीत मुरलेल्या ओलीनं पीक तगलं आणि जास्तीचं पाणी सरीतून वाहून गेलं. नदीच फिरली तर अर्थातच काही उपयोग नाही. परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ हे सोयाबीनचं वाण आणि मध्ये बदनापूरची बीडीएन ७११ तूर, चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन गेलं तरी तूर हाताला लागते. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही आणि घरचं बियाणं उगवण तपासूनच वापरायचं. हे साधे नियम पाळले तरी दुबार पेरणीचा खर्च वाचतो. वरंबा सरीवर पेरायचं यंत्र भाड्यानं मिळतं, पण पेरणीच्या चार दिवसांत सगळ्यांना एकदम हवं असतं. मग लहान शेतकरी शेवटी राहतो आणि तोवर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेलेला असतो.

पत्र्याची_खोली

शिवारफेरी, तुम्ही गावातलं लिहिलंत, मला वाचताना आमची वस्ती दिसत होती. मी पुण्यात वस्त्यांमध्ये काम करते आणि वाढले तिथेच. आमच्या घरचे ७२च्या दुष्काळात करमाळ्याकडून आले. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे. दुष्काळी कामावरचं खडी फोडणं संपलं, तिथे वाटलेल्या सुकडीवर मुलं जगवली आणि मग गाडी धरली. शहरात जागा मिळाली ती नदीच्या किंवा ओढ्याच्या कडेला, कारण बाकीची जागा आधीच कुणाची तरी होती. दुष्काळातून निघालेली माणसं पुराच्या रेषेत येऊन राहिली.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, शहरभरात वीसहून जास्त जीव गेले. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा बातम्यांत सिंहगड रोडची एकता नगरी होती. त्याच दिवशी पहाटे पुलाच्या वाडीत हातगाडी पाण्यातून हलवायला गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले. पाणी चढत असताना माणूस गाडी वाचवायला का जातो, हे बाहेरच्यांना कळत नाही. ती गाडी हेच त्याचं शेत असतं. आणि तिचा पंचनामा कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

आता तुमच्या अर्धेलीसारखंच बघा. वस्तीत खोली एकाची, राहणारा भाडेकरू. पाणी शिरलं, भाडेकरूचं धान्य, गाद्या, शिलाई मशीन, पोरांची दप्तरं गेली. पंचनाम्याला फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र) आणि वीजबिल लागतं, ते घरमालकाच्या नावावर. सानुग्रह मदत त्याच्या खात्यात. भाडेकरू तोंडी करारावर राहतो, तक्रार केली तर खोली खाली करावी लागते. गाव बदललं तरी अडचण तीच.

हिशेबनीस

दोन्ही बाजूंनी चांगली माहिती येतेय. विम्याबद्दल भर घालतो, कारण अनेकांना बदल नीट कळलेला नाही.

राज्याची एक रुपयात पीक विमा योजना २०२३च्या खरिपापासून होती, ती २०२५च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के. हप्त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान हे निकष निघाले. २०२५च्या खरिपात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या सगळ्या गावांच्या सरासरी उत्पन्नावर. सीनेकाठच्या दोन गावांचं सगळं वाहून गेलं, पण मंडळातल्या माळावरच्या गावांत पीक बरं निघालं, तर सरासरी दोघांना एकाच मापानं मोजते. अतिवृष्टी पट्ट्यापट्ट्यानं होत असताना नुकसान मोजायचा तुकडा मोठा करणं उलट दिशेनं जाणं आहे. आधी बोगस अर्ज सापडले हे खरं. त्यावर इलाज छाननी घट्ट करणं हा होता.

कूळ कायद्याच्या भीतीवर: आंध्र प्रदेशानं २०१९ साली पीक कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. अकरा महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, कसणाऱ्याला कार्ड आणि त्यावर कर्ज, विमा, भरपाई. तिथेही मालकाची सही लागते म्हणून खूप बटईदार बाहेर राहिले, ही त्याची कच्ची बाजू. पण रस्ता आहे. ओडिशानं त्याच सुमारास कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा व्यवसायासाठी १२,५०० रुपये ठेवले. नीती आयोगानं राज्यांसाठी आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा २०१६ सालीच दिलाय. महाराष्ट्रात यावर गंभीर चर्चा व्हायला हवी आणि ती मालकांनीच सुरू केली तर लवकर होईल.

नगरी_बाणा

इतकी निराशा नको. आमच्या हिवरे बाजारला येऊन बघा. पाऊस जेमतेम ४०० मिमीच्या घरात. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, तेव्हा गाव अर्धं बाहेर होतं. आज दर वर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, मग उरलं तर पीक, आणि कुठलं पीक ते पाणी बघून. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. हे सगळं एखाद्या मोठ्या धरणाशिवाय झालं. प्रत्येक गावानं हे केलं तर पॅकेजची वेळच येणार नाही.

शिवारफेरी

नगरी_बाणा, हिवरे बाजारबद्दल मनापासून आदर आहे, आम्हीही ताळेबंदाची पद्धत तिथूनच उचलली. पण तिथली खरी गोष्ट बोअरवरची बंदी आहे, आणि नेमकी तीच बाकी गावं उचलत नाहीत. आमच्याकडे काय होतं? शेततळं खणायचं, त्याला प्लास्टिकचं अस्तर घालायचं आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं. उन्हाळ्यात त्याचं बाष्प होतं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं होतं, ते एकाच्या तळ्यात आलं. शेजारच्या कोरडवाहूवाल्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते. कागदावर हे ‘जलसंधारण’ म्हणून मोजलं जातं. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२०च्या अहवालात म्हटलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. पाणी अडवलं खूप, उपशावर मात्र कुणी बोललं नाही.

आणि चराईबंदी. पाणलोटात ती लागतेच, डोंगर हिरवा व्हायला. पण ज्याच्याकडे रान नाही त्याच्याकडे चार शेळ्या असतात आणि त्या गायरानावर, डोंगरावर चरतात. बंदी घातली की पहिल्या दोन-तीन वर्षांचा सगळा भार त्याच्यावर. फायदा मात्र विहिरीत पाणी वाढलेल्याला. आम्ही एका गावात ठरवलं की बंदीच्या काळात कापून आणलेल्या चाऱ्यावर पहिला हक्क भूमिहीनांचा, आणि बांधबंदिस्तीच्या मजुरीतही आधी तेच. ग्रामसभेत खूप भांडणं झाली. पण ठराव झाला आणि टिकला. जिथे असं ठरवलं नाही, तिथे शेळ्या विकल्या गेल्या आणि माणसं कोयता घेऊन साखरपट्ट्यात गेली.

रानभाजी

कोयत्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणं हे सुद्धा दुष्काळाशी जुळवून घेणंच आहे, आणि त्याची किंमत बाईचं शरीर मोजतं. २०१९ साली सरकारच्या समितीसमोर आलेल्या आकड्यांत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा पडला तर दंड. पाळीचे दिवस, बाळंतपण, ऊन, कशालाच रजा नाही. आता मार्चपासूनच उन्हाचा कडाका असतो आणि पट्टा, म्हणजे गाळपाचा हंगाम, लांबला तर एप्रिलपर्यंत फडात राहावं लागतं.

मला दिसलेलं एक चांगलं काम सांगते. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं बायकांबरोबर काम सुरू केलं. त्यातूनच पुढे एक एकराचं शेत उभं राहिलं. बाईनं घरात म्हणायचं, सगळं रान सोयाबीन-उसाला लावा, मला अर्धा-एक एकर द्या. त्यात ती ज्वारी, मूग, उडीद, भाज्या, थोडी करडई, असं घरी लागणारं सगळं मिसळून लावते. शेणखत, गांडूळखत, घरचं बी. पाणी थोडंच लागतं, खर्च थोडाच, आणि एक पीक गेलं तरी दुसरं उभं राहतं. मुख्य म्हणजे कुठल्या वर्षी बाजार पडला तरी घरात खायला असतं. २०१६ला या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

तो एक एकर घरात मागताना किती वादविवाद होतात ते मी ऐकलंय. देशात वहितीधारकांमध्ये बायका १४ टक्क्यांच्या आसपास, असं २०१५-१६ची कृषी गणना सांगते. राबणाऱ्यांत त्या किती असतात ते शेतात जाऊन बघा. लक्ष्मी मुक्ती या सरकारी योजनेखाली बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायची सोय आहे. गावागावांत शिबिरं घेऊन ते केलं तर पुढच्या मदतीच्या यादीत ती आपोआप येईल.

किनारपट्टी

थोडं अवांतर, पण शिवारफेरींच्या मुद्द्याशी जोडलेलं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सरकारनं बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. आमच्याकडे बागा गुंठ्यांत! पाच गुंठ्यांत दाटीनं लावलेली सुपारी, नारळ, जायफळ, मिरी, त्याला हेक्टरी हिशेबानं अडीच हजार रुपये. नवी सुपारी धरायला सहा-सात वर्षं. लोकांनी ओरड केली, निवेदनं दिली, आणि मग झाडामागे मदत आली, नारळाला २५० आणि सुपारीला ५०. रक्कम कमीच होती. पण माप बदललं. हेक्टर सोडून झाड मोजायला सरकार तयार झालं. मग मजुरी बुडालेले दिवस का मोजता येणार नाहीत? हातगाडी का मोजता येणार नाही?

पत्र्याची_खोली

किनारपट्टी, हे माप बदलण्याचं उदाहरण मी आमच्या बैठकीत सांगणार आहे.

उन्हाबद्दल लिहायचं राहिलं होतं. पूर एका दिवसाचा, पत्र्याखालचं ऊन तीन महिन्यांचं. दुपारी घरात बसून शिलाई, पापड, निवडणं-टिपणं अशी कामं बायका करतात. खोलीला खिडकी एकच, तीही बंद, कारण बाहेर गटार. रात्री पत्रा निवत नाही, झोप लागत नाही, आणि सकाळी पुन्हा सहाच्या पाण्याच्या रांगेत. घरकाम करणारीला उन्हाळ्यात चक्कर आली की खाडा, खाड्याचे पैसे कापले. हे कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदीत ‘उष्माघात’ म्हणून येत नाही.

पत्र्याला पांढरा रंग दिला की घर काही अंशांनी थंड राहतं, अहमदाबादला महिला हाउसिंग ट्रस्टनं हे बऱ्याच वस्त्यांत केलंय. स्वस्त आहे, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. पण भाडेकरू दुसऱ्याच्या छपराला रंग का देईल? पुन्हा तेच कोडं.

मला आशा वाटली ती ‘सेवा’ या कामकरी बायकांच्या संघटनेच्या उष्णता विम्यानं. २०२४च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान, महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कामकरी बायकांचा विमा होता. तापमान ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पैसे, पंचनामा नाही, सातबारा नाही, फोटोपास नाही. ४६ हजारांहून जास्त जणींना प्रत्येकी ४०० रुपये मिळाले. 

हिशेबनीस

४०० रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी. आधीच्या वर्षी, २०२३ला, गुजरातेतल्या पहिल्या प्रयोगात तापमान ठरलेल्या पातळीला पोचलंच नाही म्हणून काहीच मिळालं नव्हतं. पातळी कोण ठरवतो यावर सगळं अवलंबून. शिवाय वेधशाळेचा तापमापक सावलीत, मोकळ्या मैदानात. पत्र्याखाली नसतो. कल्पना चांगली आहे, पण ही जबाबदारी विमा कंपनीवर सोडून चालणार नाही. उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत २०२५ला तरी नव्हती, त्यामुळे आपत्ती निधीतून खर्चाला मर्यादा येत होती. ती यादी बदलायला हवी.

पत्र्याची_खोली

सहमत. पण त्या बायकांना मी विचारलं तर त्या म्हणतील, यादी बदलेपर्यंत ४०० चालू ठेवा.

काळी_माती

हे सगळं वाचून काल आमच्याकडे अर्धेलीवर असलेल्या भाऊंशी बोललो. त्यांचं म्हणणं असं की विम्यापेक्षा आधी त्यांना रब्बीच्या बियाण्याला पैसे हवेत, हरभरा पेरायचा राहिलाय, आणि सोसायटी त्यांना दारात उभं करत नाही. मी बियाणं घेऊन देतो म्हटलं. ते म्हणाले, आज तुम्ही द्याल मालक, पण माझ्या नावावर मिळालं पाहिजे.

भाडेकराराचं मी खरंच बघतोय. तालुक्याला वकिलांकडे जाणार आहे. मालकी सुरक्षित राहील आणि विमा, मदत कसणाऱ्याला मिळेल असा करार इथल्या कायद्यात बसतो का, हे त्यांना विचारतो. कुणाकडे आंध्रच्या कराराचा नमुना मराठीत असेल तर इथे टाका.

हिशेबनीस

मराठीत नाही, इंग्रजी आहे. भाषांतर करून रविवारपर्यंत टाकतो. वकिलांना १९५०च्या कायद्यातली संरक्षित कुळाची व्याख्या आधी दाखवा, अडचण तिथेच येईल.

शिवारफेरी

आमच्याकडे पुढच्या आठवड्यात दोन गावांत ताळेबंदाच्या ग्रामसभा आहेत. त्यातच एक यादी करायचं ठरवतोय: अर्धेलीवाले, गायरानवाले, काढणीची मजुरी बुडालेली कुटुंबं, एकट्या बायका. नाव, किती दिवसांचं काम बुडालं, काय वाहून गेलं. ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलला देणार. नमुना इथे टाकतो. पत्र्याची_खोली, तुम्ही त्यात भाडेकरू, हातगाडी आणि शिलाई मशीनचे रकाने घालून वस्तीसाठी तयार करा.

पत्र्याची_खोली

टाका. प्रत्येक नावापुढे फोन नंबर कुणाचा आहे ते लिहायला एक जागा ठेवा, बऱ्याच बायकांचा स्वतःचा नसतो आणि निरोप पोचत नाही.